जांभळाच्या बियांची पूड : तुम्ही विचारलंत म्हणून

त्र्यंबक-हरसूलकडची जांभळं नाशिकच्या बाजारात आली, की प्रश्न ठरलेला: ‘बियांच्या पुडीने साखर उतरते का? मग मधुमेहाची गोळी बंद केली तर चालेल?’

गोळी बंद करायची नाही, हे आधी सांगते. साखर काहींची थोडीफार उतरते, पण पूड चांगली असली तर. आणि घरची पूड बिघडते ती वाळवणात.

जांभूळ पिकतं नेमकं पाऊस तोंडावर आला असताना. बीला चिकटलेला गर आंबतो आणि त्यावर बुरशी धरते. म्हणून बोटांना बुळबुळीत लागणं थांबेपर्यंत बिया चोळून धुवा. फडक्यावर एकेरी पसरून पंख्याखाली ठेवा. दोन-तीन दिवसांत वरचं टरफल तडकतं. ते काढून आतला हिरवट मगज फोडा आणि तुकडे पुन्हा आठवडाभर वाळवा. अख्खी बी वरून खडखडीत लागते, आत ओल तशीच राहते. सगळा घोळ इथेच होतो. तुकडा कटकन मोडला पाहिजे. मग मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, वस्त्रगाळ करून कोरड्या काचेच्या बरणीत भरा. किलोभर जांभळांची पूड पाव किलोही भरत नाही. कुबट वास आला तर सरळ फेका. भाजून घेतल्याने बुरशीचं विष जात नाही.

आयुर्वेदात मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. सुरुवात निम्म्या सपाट चमच्याने, जेवणाआधी पाण्याबरोबर. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगूनच घ्या, कारण साखर खाली घसरू शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. ग्लुकोमीटरवर आकडे लिहून ठेवा. ‘बरं वाटतंय’ हा काही आकडा नव्हे. ऑपरेशन ठरलं असेल तर पूड घेता हे आधीच सांगा. पूड तुरट असल्याने बद्धकोष्ठ होतं आणि लोहाची गोळी नीट अंगी लागत नाही. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा.

फळ खा, पण वाडगाभर नको. त्यातही साखर असतेच.

जांभळाच्या झाडाच्या सालीचा उपयोग हिरड्यांना. चमचाभर भरड दोन पेले पाण्यात अर्धा पेला उरेपर्यंत उकळा, गाळा, कोमट असताना चूळ भरा. फक्त साल घेताना खोड गोलाकार सोलू नका, झाड मरतं. छाटलेल्या फांदीची साल पुरते.