रणगाडा का नाही काढला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मागच्या दिवाळीत फराळाला आलेल्या काकांपासून परवा बाइंडिंगवाल्याकडे भेटलेल्या मुलापर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच. "पॅलेस्टाईनच्या मदतीसाठी निघालेल्या कॉमिक्समध्ये तुमची चार पानं, आणि त्यात एक बाई मिरच्या कुटत बसलीय? रणगाडा नाही, रडणारं पोर नाही?"

पुस्तक कसलं ते आधी सांगते. दिवाळी अंकाचीच चाल समजा. बरेच चित्रकार, प्रत्येकाला चार-सहा पानं, मानधन शून्य. सगळं काळं-पांढरं, कारण रंगीत छापलं तर मदतीचेच पैसे छपाईत जातात. विकून उरेल ते तिथल्या मुलांच्या औषधोपचाराला. मी तशी चित्रकार नाही. माझं काम लेटरिंगचं, फुग्यांत अक्षरं बसवायचं, आणि या पुस्तकातही तेच करत होते. ऐन वेळी एक जण गळला, चार पानं रिकामी राहिली, तेव्हा संपादिका म्हणाली, तूच भर. ती पॅलेस्टिनी, पण जन्मापासून परदेशात. तिची अट एक: ढिगारे पेपरात रोज येतात, ते नकोत. घरात काय चालतं ते काढ.

मी बिचकले. पुस्तकाच्या जाहिरातीत 'रेझिलियन्स', म्हणजे चिवटपणा, हा शब्द होता आणि त्या शब्दाची मला ॲलर्जी आहे. मी मुंबईत वाढले. २६ जुलै २००५ ला कमरेएवढ्या पाण्यातून दादरहून घरी चालत गेले. पुढच्या वर्षी ११ जुलैला लोकलमध्ये स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा भरून धावल्या. दोन्ही वेळा 'मुंबईचं स्पिरिट' म्हणून कौतुक झालं. कसलं स्पिरिट? रजा मिळत नव्हती. लोक चिवट आहेत म्हटलं की नालेसफाईचं काय झालं हे कुणी विचारत नाही. हे सगळं मी तिला जसंच्या तसं लिहून पाठवलं.

तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. जाहिरातीतला शब्द ग्राहकांसाठी आहे, आमचा शब्द 'सुमूद'. उपटलेल्या ऑलिव्हच्या जागी पुन्हा ऑलिव्ह लावतात, ते सुमूद. शाळा बंद असताना अंगणात पोरांचे पाढे घेतात, तेही. मी वहीत लिहिलं, 'पाय रोवून राहणं'. अजून बरा मराठी शब्द सापडलेला नाही.

मग काढायला बसले. बाई काढली पाठमोरी. मला वाटलं, मोठी जाणकारी दाखवली. नाजी अल-अली या पॅलेस्टिनी व्यंगचित्रकाराचा हंदाला नावाचा पोरगा तुम्ही कुठल्या ना कुठल्या भिंतीवर पाहिला असेल. अनवाणी, केस काट्यांसारखे उभे, हात मागे बांधलेले. १९६९ मध्ये कुवेतच्या एका वर्तमानपत्रात तो आला आणि १९७३ पासून त्यानं जगाकडे पाठ फिरवली. वय कायम दहा, कारण नाजींचं गाव सुटलं तेव्हा ते साधारण तेवढेच होते. गाव गॅलिलीतलं, साल १९४८. पुढचं बालपण लेबनॉनमधल्या ऐन अल-हिल्वे या निर्वासितांच्या छावणीत गेलं. 'हंदाला' हे नाव हंदल या कडू फळावरून आलंय, म्हणजे आपलं कडू वृंदावन. लक्ष्मणांचा कॉमन मॅनही न बोलता बघतच राहतो, पण तो आपल्याला तोंड तरी दाखवतो. जुलै १९८७ मध्ये लंडनमध्ये नाजींवर गोळी झाडली गेली आणि ऑगस्टमध्ये ते गेले. हंदाला अजून वळलेला नाही.

संपादिकेनं माझी पाठमोरी बाई बघितली आणि लिहिलं, "पाठ हंदालाची. हिचा चेहरा दाखव."

चेहरा काढला, तर कपडे चुकले. गाझातल्या आजीच्या अंगावर मी छान पांढरा झगा चढवला होता, त्यावर लाल भरतकाम. तो निघाला वेस्ट बँकेतल्या रामल्लाकडचा. पैठणीच्या पदराला इरकलीचे काठ लावावेत तसं झालं होतं. गाझाच्या बाजूचं कापड मजदलचं. काळ्या आणि निळ्या सुतात गुलाबी आणि पिरोजी रेशमाचे पट्टे. त्यातल्या एका वाणाचं नाव 'जन्ना व नार', स्वर्ग आणि नरक. मजदलचे विणकर १९४८ च्या युद्धात गाझात आले, मागे उरलेल्यांना १९५० मध्ये तिकडेच धाडलं गेलं, आणि गावाच्या जागी आज अश्कलोन हे इस्रायली शहर आहे. विणकरांनी गाझात पुन्हा माग लावले. काळ्या-पांढऱ्या छपाईत स्वर्ग आणि नरक दोन्ही करडेच दिसतात म्हणा, पण पट्टे मी मोजून काढले.

आता मिरच्या. बाकीच्या पॅलेस्टाईनपेक्षा गाझाचं जेवण तिखट. तिथं 'दग्गा' करतात. हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ, मग टोमॅटो, लिंबू, ऑलिव्हचं तेल, आणि शेपू. हो, शेपूच, नाक मुरडणाऱ्यांनी पुढे जावं. हे सगळं 'झिब्दिया' नावाच्या जाड मातीच्या वाडग्यात लाकडी बत्त्यानं कुटायचं आणि त्यातूनच खायचं. शेपूच्या बियांना तिथं टोळाचा डोळा म्हणतात. दग्गा म्हणजे कुटलेलं, त्यामुळे कुटण्याचा आवाज कसा लिहायचा हा लेटरिंगवालीचा नेहमीचा प्रश्न आपोआप सुटला. चारही पानांवर तो आवाज आहे: दग्ग, दग्ग.

अरबी आवृत्ती उजवीकडून डावीकडे वाचायची, म्हणून पानं आरशात धरल्यासारखी उलटवली आणि माझी चित्रातली आजी डावखुरी झाली. मी परत काढते म्हटलं. संपादिका म्हणाली, गाझात डावखुऱ्या बायका नसतात का?

त्याच सुमारास गाझातल्याच रफाहच्या सफा ओदेह या चित्रकर्तीची चित्रं पाहिली. युद्धात विस्थापित होऊन तंबूत राहताना कागद मिळेना, तेव्हा ती तंबूच्या कापडावरच चित्रं काढत होती. ती पाहिल्यावर पहिल्या खर्ड्यातलं माझं सुबक स्वयंपाकघर मला खोटं वाटायला लागलं. ते मी पहिल्या पानावर तसंच ठेवलं. दुसऱ्या पानावर ते आवरलं जातं, तिसऱ्यावर वाडगा गोधडीत गुंडाळून गाढवाच्या गाडीवर चढतो, आणि चौथ्यावर तंबू आहे, तोच वाडगा, तोच हात. म्हणजे युद्ध नाहीच असं नाही. ते दारापर्यंत येतं, मी बाहेर जाऊन त्याचं चित्र काढलं नाही इतकंच. रणगाडा मला काढता येतो. पण रणगाडा काढला की पानावरचा सगळा काळा रंग तोच खातो, आणि बघणारा त्याच्याकडेच बघतो.

पुस्तक आलं तेव्हा आईला दिलं. तिला ना गाझा नकाशावर दाखवता येईल, ना कॉमिक्स वाचायची सवय. चष्मा लावून चारही पानं तिनं ओट्याशी उभ्यानं बघितली. टोळाचा डोळा म्हणजे काय ते सांगितलं तर म्हणाली, "मग बाळंतशेपाच की," आणि फळीवरची बरणी काढून दाखवली. मग शेवटचं पान डोळ्यांजवळ धरलं, पुन्हा पहिलं उघडलं, दोन्ही वाडग्यांत काय काय आहे ते बोटानं मोजलं.

"इथे टोमॅटो कुठे गेले गं?" तिनं विचारलं. "लिंबूही नाही."

हे आजवर फक्त तिनंच विचारलंय.