गावाचा रस्ता, गावाची वाहिनी

मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या गावात मी राहते, तिथल्या केबल सल्लागार समितीची मी सदस्य आहे, हे कळल्यावर साताऱ्याचे नातेवाईक आणि इथले मराठी स्नेही बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात. केबल कंपनी खासगी, तारा तिच्या, ग्राहकही तिचेच. मग तिच्यावर देखरेख करायला गावाने समिती कशाला नेमायची? आणि लोक केबल काढून टाकून सगळे काही इंटरनेटवर पाहू लागलेले असताना त्या समितीला काम तरी काय उरले आहे? तुम्ही विचारलंत म्हणून नीट उत्तर लिहिते आहे, कारण दोन वाक्यांत सांगायला गेले की हा विषय केवळ तांत्रिक वाटतो आणि त्यातला हक्काचा भाग निसटून जातो.

तारा कंपनीच्या आहेत हे खरे, पण त्या जातात गावाच्या रस्त्यांवरून. खांबांवरून असोत किंवा जमिनीखालून, सार्वजनिक रस्त्याची जागा वापरल्याशिवाय कोणत्याही कंपनीला घराघरापर्यंत पोहोचता येत नाही. ती जागा गावाने करदात्यांच्या वतीने सांभाळलेली असते. नफ्यासाठी ती वर्षानुवर्षे वापरणाऱ्याने तिचा मोबदला द्यावा, एवढ्या साध्या तत्त्वावर अमेरिकेतली ही सगळी व्यवस्था उभी आहे. १९८४ च्या केबल कायद्याने या तत्त्वाला देशभर एक चौकट दिली. स्थानिक शासन कंपनीला परवाना देते. केबल सेवेतून कंपनीला मिळणाऱ्या एकूण उत्पन्नाच्या जास्तीत जास्त ५ टक्के इतके शुल्क घेऊ शकते. आणि परवान्याची अट म्हणून काही वाहिन्या सार्वजनिक, शैक्षणिक व शासकीय उपयोगासाठी राखून ठेवायला सांगू शकते. पब्लिक, एज्युकेशनल, गव्हर्नमेंटल या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून इथले लोक त्यांना 'पेग' वाहिन्या म्हणतात. त्यांवर काय दाखवायचे हे ठरवण्याचा अधिकार कंपनीला नाही. अश्लील मजकूर नाकारण्यापुरताच तिला अपवाद आहे.

या वाहिन्या द्याव्यातच असे आता कोणताही केंद्रीय नियम सांगत नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९७२ मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगाने तसा नियम केला होता, परंतु १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला तो अधिकारच नाही असे ठरवून तो रद्द केला. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी सारे काही स्थानिक करारावर अवलंबून राहिले. गावाने मागितले तर वाहिनी मिळते, मागितले नाही तर मिळत नाही. पुढे, २००५ पासून, टेक्सास आणि कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांनी परवाने देण्याचा अधिकार गावांकडून काढून राज्याकडे घेतला, आणि तिथे गावांची घासाघीस करण्याची ताकद बरीच कमी झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये तो अजून गावाच्या सिलेक्ट बोर्डाकडे, म्हणजे गावाचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाकडे, किंवा शहराच्या महापौराकडे आहे, आणि म्हणूनच आमच्यासारख्या समित्यांना अर्थ आहे.

आमच्या कामाचा खरा कस परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी लागतो. मुदत संपण्याच्या तीन वर्षे आधी ही प्रक्रिया सुरू होते, आणि तिचा पहिला टप्पा म्हणजे गावाच्या गरजा काय आहेत याची रीतसर नोंद. मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. जाहीर सुनावणी होते, शाळा, ग्रंथालय, अग्निशमन दल, ज्येष्ठ नागरिक केंद्र यांना विचारले जाते, आणि जे लेखी नोंदवले गेले त्याच्याच आधारावर पुढे कंपनीशी बोलणी करता येतात. जे नोंदवले नाही ते नंतर कितीही पोटतिडकीने सांगितले तरी त्याला वजन राहत नाही. आमच्या सुनावणीत बोलायला आलेल्यांत वृद्धांची संख्या मोठी होती. गुडघे साथ देत नाहीत, हिवाळ्यात रात्री गाडी चालवता येत नाही, पण सिलेक्ट बोर्डाची आणि शाळा समितीची बैठक आपण एकही चुकवत नाही, असे एका बाईंनी सांगितले. शाळेच्या नव्या इमारतीवर कोणत्या सदस्याने काय भूमिका घेतली हे त्यांना तोंडपाठ होते. एक गृहस्थ तक्रार घेऊन आले होते: गावाची वाहिनी अंधुक दिसते आणि कार्यक्रमपत्रिकेत तिच्यापुढे कार्यक्रमाचे नावच नसते, त्यामुळे बैठक केव्हा लागणार हे कळत नाही. ही तक्रार अनेक गावांची आहे. बाकी वाहिन्या स्पष्ट हाय डेफिनिशनमध्ये आणि गावाची वाहिनी तेवढी जुन्या दर्जात, ही विषमता करारात स्पष्ट अट घातल्याशिवाय दूर होत नाही.

गावाचे अधिकार कुठे संपतात तेही सांगायला हवे, कारण अपेक्षा भलत्या असल्या की रोष भलत्या ठिकाणी जातो. केबलचे बिल का वाढले असे लोक आम्हाला विचारतात, पण दर ठरवणे गावाच्या हातात नाही. क्रीडा वाहिनी कोणत्या पॅकेजमध्ये असावी हेही आम्ही सांगू शकत नाही. गावाने एकाच कंपनीला मक्तेदारी दिली हा समजही चुकीचा आहे. १९९२ च्या कायद्याने एकाधिकाराचे परवाने देण्यास मनाई केली आहे, आणि दुसरी कंपनी येत नसेल तर ते तिच्या खर्चाच्या हिशेबामुळे. ग्राहकसेवेच्या बाबतीत मात्र गावाचा शब्द चालतो. ग्राहकाचा फोन ३० सेकंदांत उचलला जावा, नवी जोडणी नेहमीच्या अंतरात असेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत व्हावी, सेवा खंडित झाल्याचे कळल्यावर २४ तासांत काम सुरू व्हावे, असे केंद्रीय निकष आहेत आणि त्यांची अंमलबजावणी स्थानिक शासनाने करायची असते.

या वाहिन्यांची कल्पना कुठून आली हे मला स्वतःला फार प्रेरणादायी वाटते. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने १९६७ मध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावरच्या मच्छीमारांसोबत चित्रण केले. बेट सोडून जाण्याचा दबाव असलेल्या त्या लोकांनी पडद्यावर एकमेकांचे म्हणणे ऐकले, आणि आपल्या अडचणी सारख्याच आहेत हे त्यांना उमगले. ते बेट सोडून गेले नाहीत, त्यांनी सहकारी संस्था उभी केली. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला या गोष्टीतले सहकाराचे वळण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याच कॅनडियन उपक्रमात पुढे काम केलेल्या माहितीपटकार जॉर्ज स्टोनी यांनी रेड बर्न्स यांच्यासह १९७१ मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठात एक केंद्र सुरू केले आणि सामान्य नागरिकांच्या हाती कॅमेरा देण्याची ही रीत अमेरिकेत रुजवली. त्याच वर्षी मॅनहॅटनमध्ये, शहराने केबल कंपन्यांना दिलेल्या परवान्यांतील अटींमुळे, सार्वजनिक वाहिन्या सुरू झाल्या.

सार्वजनिक वाहिनीचा नियम साधा असतो: जो आधी येईल त्याला आधी वेळ. आमच्या गावातली वाहिनी एक ना-नफा संस्था चालवते. तिथे मी कॅमेरा आणि संकलन शिकले, आणि आम्ही काही मराठी कुटुंबांनी दिवाळीच्या फराळावर इंग्रजी उपशीर्षकांसह एक मालिका केली. आमचे मराठी इथे कोण पाहणार, असा विचार करण्याची गरजच पडली नाही, कारण प्रेक्षकसंख्या ही तिथली अट नाही. पण हाच नियम नको असलेल्या माणसालाही लागू होतो. १९८८ मध्ये कॅन्सस सिटीत कु क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेने वेळ मागितली तेव्हा नगरपरिषदेने सार्वजनिक वाहिनीच बंद करून टाकली. खटला झाला आणि १९८९ मध्ये ती पुन्हा सुरू करावी लागली. क्लानच्या द्वेषाला उत्तर देण्यासाठी सर्वांचाच मंच मोडणे मला तेव्हाच्या नगरपरिषदेची घोडचूक वाटते. २०१९ मध्ये मॅनहॅटनच्या वाहिनीविषयी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की ती चालवणारी संस्था खासगी असल्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे घटनात्मक बंधन तिच्यावर नाही. न्यायमूर्ती सोटोमायोर यांचे विरोधी मत मला अधिक पटते: शहराने करार करून मिळवलेला मंच शहराने नेमलेली संस्था चालवत असेल, तर तो सार्वजनिकच राहतो.

आता भारताकडे, कारण तुमच्यापैकी अनेकांचा पुढचा प्रश्न तोच असतो. आपल्याकडे केबल आली ती आधी घरांच्या गच्च्यांवरून आणि झाडांवरून, आणि कायदा आला मागाहून, १९९५ मध्ये. त्या कायद्याने केबलचालकाला टपाल कार्यालयात नोंदणी करायला लावली, दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे बंधनकारक केले, आणि कार्यक्रम संहिता, म्हणजे काय दाखवू नये याचे नियम, पाळली जाते का हे पाहण्याचे काम जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी व पोलीस आयुक्त यांच्याकडे दिले. नगरपालिकेला त्यात मोबदला मागणारा पक्ष म्हणून स्थान मिळाले नाही, आणि नागरिकांसाठी राखीव वाहिनीची तरतूद झाली नाही. केबलचालकांच्या स्थानिक वाहिन्यांवर गणपती विसर्जन, कुस्त्यांचे फड आणि गावच्या बातम्या दिसतात, त्यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण तिथे वेळ मिळणे ही केबलचालकाची मर्जी असते, नागरिकाचा हक्क नव्हे. हक्काच्या जवळ जाणारे आपल्याकडचे उदाहरण सामुदायिक रेडिओचे आहे. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना केंद्र चालवण्याची मुभा दिली, आणि त्यानंतर साताऱ्यातल्या म्हसवडमध्ये 'माणदेशी तरंग' सुरू झाले.

शेवटी तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे केबल उतरणीला लागल्यावर पुढे काय. ५ टक्के शुल्क फक्त केबल सेवेच्या उत्पन्नावर लागते. २००२ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगाने केबलवरून मिळणाऱ्या इंटरनेटला वेगळ्या वर्गात टाकले, त्यामुळे त्याच तारेतून, त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या इंटरनेटच्या उत्पन्नावर हे शुल्क लागत नाही. कुटुंबाने टीव्ही सोडून फक्त इंटरनेट ठेवले की कंपनीची तार आहे तिथेच राहते, पण गावाचा वाटा शून्य होतो. त्यात २०१९ मध्ये आयोगाने आणखी एक आदेश काढला: शाळांना दिलेल्या सवलतीच्या जोडण्यांसारख्या, पैशांऐवजी वस्तुरूपाने मिळणाऱ्या गोष्टींची किंमतही त्या ५ टक्क्यांत धरावी. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने हे तत्त्व मान्य केले, मात्र किंमत बाजारभावाने न धरता कंपनीला प्रत्यक्ष पडणाऱ्या वाढीव खर्चाने धरावी असे ठरवून गावांना थोडा दिलासा दिला.

बैठका यूट्यूबवर टाकल्या की झाले, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारते की कॅमेरा कोण लावणार, ध्वनी कोण सांभाळणार, आणि वीस वर्षांपूर्वीची बैठक शोधून कोण देणार. मार्च २०२० मध्ये इथल्या राज्यपालांनी सार्वजनिक बैठका दुरून घेण्याची परवानगी दिली, तेव्हा रातोरात ती व्यवस्था उभी करणारी माणसे आमच्याकडे याच वाहिनीतली होती. प्रसारण कोणत्याही मार्गाने झाले तरी ही माणसे लागतातच, आणि त्यांचे पगार आज घटत्या शुल्कातून होतात.

गावाच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पातून त्यांना पैसे द्यावेत, हा उपाय सुचवला जातो आणि मी त्याला समितीत विरोध केला आहे. ज्या मंडळाच्या वादळी बैठका ही माणसे काटछाट न करता दाखवतात, त्याच मंडळाने दर वर्षी त्यांच्या पगारावर मतदान करावे, ही रचना मला धोक्याची वाटते. त्यापेक्षा रस्ता वापरून घराघरांत चित्र पोहोचवणाऱ्या स्ट्रीमिंग कंपन्यांकडूनही तसेच शुल्क घ्यावे, अशी विधेयके मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात मांडली गेली आहेत, आणि माझा पाठिंबा त्यांना आहे. आपण तर रस्त्यात एक तारही टाकलेली नाही, असा त्या कंपन्यांचा युक्तिवाद आहे. तो पूर्णपणे निराधार नाही, म्हणूनच माझ्या मते अधिक सरळ मार्ग इंटरनेटच्या उत्पन्नाला हात घालण्याचा आहे. पण ते दार केंद्राने बंद केलेले आहे, आणि ते वॉशिंग्टनमध्येच उघडावे लागेल.