जप्त झालेला बहुरूपी

रविवार, रात्री अकरा

धाकटा भाऊ सकाळी पुण्याहून आला. जेवण झाल्यावर त्यानं पिशवीतनं एक खोकं काढलं आणि पोराच्या पुढ्यात सरकवलं. आत राखाडी रंगाचा व्हिडिओ गेम. जुन्या पद्धतीचा, जाडजूड, हातात धरून खेळायचा. डाव्या बाजूला फुलीच्या आकाराचं बटण, उजवीकडं दोन गोल जांभळट बटणं, खालच्या कोपऱ्यात स्पीकरच्या तिरक्या खाचा. पोरगं आमचं पाचवीत. त्यानं नाक मुरडलं. "काका, हे असलं आता कोण खेळतंय?"

भाऊ काही बोलला नाही. गेम पालथा केला, मागचं झाकण दोन्हीकडं फाकवलं, खालचा भाग ओढून दोन पाय काढले, पडदा फिरवून छातीवर आणला, वरनं एक मुंडकं बाहेर काढलं. ताटाशेजारी वीतभर उंचीचा रोबो उभा. पोरगं ओरडलं, "खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!" हे वाक्य कोल्हापुरात मी हजार वेळा ऐकलं असेल, पण इतकं चपखल बसलेलं पहिल्यांदाच.

मग पोरगं बाजूलाच राहिलं आणि आम्ही दोघं भाऊच त्या खेळण्यावर तुटून पडलो. हिनं शेवटी "ते पोराचं आहे" अशी आठवण करून दिली.

आमच्याकडं १९९६ साली महाद्वार रोडवरनं घेतलेला ब्रिक गेम होता, वरनं पडणाऱ्या विटा रचायचा. दोघांत मिळून एक. त्याच्यावर लिहिलेलं '९९९९ इन १', आणि खरे खेळ दहा-बारा. बाकी तेच खेळ, वेग वाढवून नाहीतर लेव्हल बदलून नंबर लावलेले. तरी आम्ही एकेक नंबर चालू करून बघायचो, न जाणो ७८४३ नंबरला काहीतरी वेगळं निघेल. नियम असा की विटा वरपर्यंत आल्या, डाव संपला, की गेम दुसऱ्याच्या हातात. एकदा माझा डाव संपता संपेना म्हणून ह्यानं हिसकला. गेम फरशीवर आपटला. पडद्याच्या एका कोपऱ्यातनं काळी शाई पसरावी तसा डाग पसरत गेला आणि त्या डागाखाली विटा पडल्याचा आवाज तेवढा येत राहिला. मार दोघांनाही बसला. भाऊ अजून म्हणतो, गेम तूच सोडलास.

आई सोफ्यावरनं सगळं बघत होती. दहा वाजता म्हणाली, "पुरे आता. बंद करा तो गेम. सेल उतरतील."

"आई, ह्याला सेलच नाहीत."

"मग चालतोय कशावर?"

मंगळवार

कारखान्यातनं येताना मापं घ्यायचा व्हर्निअर खिशातच राहिला. राहिला म्हणजे ठेवला. गेमची लांबी १४६, रुंदी ९०, जाडी ३४ मिलिमीटर. ज्याच्यावरनं हे सोंग घेतलंय तो निन्टेंडोचा गेमबॉय. तो १९८९ ला जपानात निघाला आणि त्याची मापं १४८, ९० आणि ३२. म्हणजे लांबीत दोन कमी, जाडीत दोन जास्त. ही जाडी का वाढली ते उघडल्यावर कळतं. दोन मांड्या एकमेकींना चिकटून आत बसवायच्या, मध्ये मुंडक्याला जागा ठेवायची, वर भिंतीची जाडी. ज्या कुणी हे ड्रॉइंग केलं त्यानं त्या दोन मिलिमीटरसाठी किती रात्री घालवल्या असतील, ते उद्यमनगरात डायच्या दुकानात उमेदवारी केलेल्या माणसालाच कळेल. साधं खोकं करणं सोपं, साधा बाहुला करणंही सोपं. पण एकाच तुकड्याची एक बाजू खोक्याची भिंत आणि दुसरी बाजू माणसाची पोटरी, आणि दोन्हीकडनं बघताना मोल्डची पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, दिसता कामा नये, हे काम येरागबाळ्याचं नाही. ह्यात एक ठिकाणी दिसते, डाव्या खांद्याला. तेवढं मी पकडलं.

जुन्या गेमबॉयचा माणूस गुनपेई योकोई. त्याचं म्हणणं असं की नवं, महागडं तंत्र घ्यायचं नाही. जुनं, स्वस्त झालेलं, सगळे खाचखळगे माहीत असलेलं तंत्र घ्यायचं आणि ते वेगळ्याच कामाला लावायचं. म्हणून त्यानं रंगीत पडदा टाळला. १६० बाय १४४ ठिपके, हिरवट रंगाच्या चार छटा, मागनं उजेड नाही. पेन्सिल सेल चार, आणि तेवढ्यावर दहा-दहा तासांच्या वर चालायचा. पुढच्याच वर्षी आलेल्या सेगाच्या रंगीत गेम गिअरला सेल सहा लागायचे आणि ते काही तासांत संपायचे. दुकानात रंगीत पडदा भारी दिसायचा, खपला मात्र हिरवट. फुलीच्या आकाराचं बटणही योकोईचंच, ते त्याआधी १९८२ च्या एका घडीच्या गेमवर आलेलं. हे वाचताना मला आमचे जुने मिस्त्री आठवले. नवीन मशिन आलं की सगळे त्याच्याभोवती, आणि मिस्त्री कोपऱ्यातल्या जुन्या लेथवर कुणाला न जमणारा जॉब काढून मोकळे.

हे रूप बदलणारे रोबो आले कुठनं ते मात्र मला आत्तापर्यंत धड माहीत नव्हतं. मी समजत होतो आधी कार्टून आलं आणि मग खेळणी. झालं उलटं. जपानात टाकारा कंपनीच्या दोन वेगळ्या मालिका होत्या, डायाक्लोन आणि मायक्रो चेंज. अमेरिकेतल्या हॅस्ब्रोनं त्यातले साचे उचलून १९८४ ला ट्रान्सफॉर्मर्स ह्या नावानं विकायला काढले. गोष्ट, नावं, स्वभाव मागनं चिकटवले. डायाक्लोनच्या गाड्या लहान करून बनवलेल्या, आत बसायला बोटाच्या पेराएवढा ड्रायव्हर. मायक्रो चेंजचं डोकं वेगळं. त्यातल्या बऱ्याच वस्तू हाताळायच्या, घरातल्या: कॅसेट, टेपरेकॉर्डर, कॅमेरा, मायक्रोस्कोप. म्हणजे वस्तू खऱ्या मापाची असू शकते. छातीतनं कॅसेट बाहेर काढणारा तो साउंडवेव्ह नावाचा रोबो ह्याच घरातला. पुढं त्याच टाकारानं, आता नाव टाकारा टोमी, पहिल्या प्लेस्टेशनचं रूप घेणारा ऑप्टिमस प्राइम आणि सेगाच्या मेगा ड्राइव्ह ह्या गेमच्या मशिनचं रूप घेणारा मेगाट्रॉन हे रोबोही काढले.

आज जेवताना मी हेच बोलत बसलो. रोबो जेव्हा वीतभर ट्रकचा होतो तेव्हा तो कुणाला फसवतो? वीतभर ट्रक रस्त्यावर उभा केला तरी पोरंसोरंसुद्धा त्याला खेळणंच म्हणणार. पण खऱ्या मापाचा गेम टेबलावर पडलेला असला की येणारा माणूस त्याला गेमच समजतो. सोंग ते हे. बाकीच्यांनी नुसता पोशाख घातलाय.

लहानपणी आमच्या गल्लीत बहुरूपी यायचा. फौजदाराचा वेष, कमरेला पट्टा, हातात काठी. एकदा आमच्या वडिलांना दारातच म्हणाला, "चला, वॉरंट आहे." वडिलांच्या हातातला चहाचा कप हलला, ते मी बघितलं. मग त्यानं यमक जुळवत बोलायला सुरुवात केली, गल्ली हसली, वडिलांनी दहा रुपये दिले आणि चारचौघांत म्हणाले की मी ओळखलंच होतं. बहुरूप्याची कसरत त्या मधल्या दहा सेकंदांत. अजिबात पटलं नाही तर कला नाही. आणि शेवटपर्यंत पटूनच राहिलं तर पैसे कोण देणार?

हिनं विचारलं, "भाजी वाढू का?"

बुधवार

डाव्या खुब्याचा जोड ढिला पडला. तीन दिवसांत. रोबो एका बाजूला कलून उभा राहतो, पंचगंगेच्या पुलावर एसटीची वाट बघणाऱ्या माणसासारखा. गोळीचा जोड आहे, वाटीत गोळी बसवलेली. गोळी बाहेर काढून हिच्या बिनरंगी नेलपॉलिशचा एक हात दिला आणि रात्रभर सुकायला ठेवला. जाडी केसभर वाढली तरी पकड येते. नेलपॉलिश कुठं गेलं म्हणून सकाळी विचारणा होईल.

शुक्रवार

दुपारी बाराला शाळेतनं फोन. "तुमच्या पाल्याकडे व्हिडिओ गेम सापडलेला आहे. पालकांनी स्वतः येऊन घेऊन जायचं आहे." मी लेथवर. जॉब अर्धा सोडता येत नव्हता, तो संपवून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून निघालो. हाताला कुलंटचा वास तसाच.

मॅडमनी ड्रॉवर उघडला. आत जप्तीचा माल: दोन भोवरे, पत्त्यांसारखे पैलवानांचे कार्ड, एक च्युइंगगमचं पाकीट, आणि वर आमचा गेम. पोराला अजून बोलावलेलं नव्हतं, म्हणून खटला माझ्यावरच सुरू झाला.

"मॅडम, हा गेम नाही. रोबो आहे."

"बटणं आहेत की."

"बटणं नुसती दाबली जातात. आत काही नाही."

मॅडमनी फुली दाबली, गोल बटणं दाबली. आत स्प्रिंग आहे, टकटक आवाज येतो. पडद्यावर विटांचं चित्र छापलेलं. "सेल संपलेत," त्या म्हणाल्या. युक्तिवाद बिनतोड होता. माझ्या आईचाच.

आता करून दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. घरी मी हे दहा वेळा केलं असेल. झाकण फाकवलं, पाय ओढले. पण पडदा आधी फिरवायचा की हात आधी बाहेर काढायचे हे नेमकं तिथं विसरलो. हात आधी काढले. ते पडद्याला अडले. जोर लावला तर कोपऱ्यातलं प्लास्टिक पांढरं पडायला लागलं. एबीएस जातीचं प्लास्टिक ताणलं की असं पांढरं पडतं, आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे तुकडा. मी थांबलो. टेबलावर आता गेमही नव्हता आणि रोबोही नव्हता, अर्धवट सोललेल्या खेकड्यासारखं काहीतरी होतं. शिपाई मामा चहा घेऊन आले ते तिथंच उभे राहिले. शेजारच्या वर्गावरचे एक सर डोकावले. "काय दुरुस्त करताय?"

शेवटी मॅडमनीच पोराला बोलावून घेतलं. ते आलं, माझ्याकडं बघितलं, ज्या नजरेनं मी कधी आमच्या वडिलांना कॉम्प्युटरपुढं बसलेलं बघितलं होतं त्याच नजरेनं, आणि "पप्पा, पडदा आधी" एवढंच म्हणालं. एका मिनिटात रोबो उभा. खुबा ढळला नाही, नेलपॉलिशनं काम केलं होतं. मामांनी चहा खाली ठेवून "आयला!" म्हटलं. मॅडमसुद्धा हसल्या. मला वाटलं सुटलो.

मॅडमनी कागद पुढं केला. हमीपत्र. 'यापुढे माझा पाल्य शाळेत व्हिडिओ गेम आणणार नाही.' मी पेन घेतलं आणि 'व्हिडिओ गेम'च्या पुढं 'सारखे दिसणारे खेळणे' असं लिहायला लागलो. मॅडम म्हणाल्या, "असं लिहिता येत नाही, नमुना ठरलेला आहे." मी जेवढं लिहिलं होतं त्यावर त्यांनी रेघ मारली आणि शेजारी माझी सही घेतली. म्हणजे आता शाळेच्या दप्तरात माझ्या सहीनिशी नोंद आहे की तो व्हिडिओ गेमच होता.

मला राग यायला हवा होता. अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाणार आहे, आणि कागदावर खोटं लिहून आलो आहे. पण गाडीवर येताना बिंदू चौकाच्या सिग्नलला उभा असताना मला हसूच फुटलं. शेजारचा रिक्षावाला बघायला लागला. ज्यानं ते ड्रॉइंग केलं त्या माणसाला कुणीतरी कळवायला पाहिजे, तुमचं सोंग कोल्हापुरात जप्त झालं आणि सरकारी कागदावर चढलं. बहुरूप्याला ह्याच्यापेक्षा मोठं इनाम कुठलं? पण पटून राहिलं म्हणून त्याला दहा रुपयेही मिळाले नाहीत, उलट चार तास ड्रॉवरमध्ये बसावं लागलं.

पोरानं संध्याकाळी रोबोला परत गेम केला. का म्हणून विचारलं तर म्हणालं, "असाच ठेवायचा. मग कुणाला कळत नाही."

भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो इतका हसला की पलीकडनं वहिनी काय झालं म्हणून विचारायला लागली. मग एकदम म्हणाला, "तू जोर लावलास ना? तू कायम जोर लावतोस. तो ब्रिक गेमपण तसाच गेला."

शनिवार, सकाळी

आईची किंकाळी ऐकून उठलो. साडेपाच वाजलेले. आई पहाटे उठते, देवपूजेआधी घरभर पसारा आवरत फिरते. गेम सोफ्यावर पडलेला दिसला. सेल आत राहिले तर गळतात आणि पत्रा खातात, हे तिला घरातल्या जुन्या ट्रान्झिस्टरपासनं ठाऊक. म्हणून ती सेल काढायला बसली. मागचं झाकण सापडलं, नखानं उचकटलं, आणि आतनं मुंडकं वर आलं.

मी बाहेर आलो तेव्हा गेम उशीखाली दाबलेला आणि उशीवर आईचे दोन्ही हात.

"अरे, ह्याच्यात कोणतरी बसलंय."