आमची वाटचाल : कुपवाडची काळी पेटी

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये वडील पंपांचे शाफ्ट टर्न करायचे. आज त्याच शेडमध्ये सीसीडी, म्हणजे दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातले उजेड टिपणारे सेन्सर, तपासायचे क्रायोस्टॅट (सेन्सर व्हॅक्यूममध्ये गार ठेवायचं भांडं) आणि डार्क बॉक्स (बाहेरचा उजेड आत न येऊ देणारी काळी पेटी) बनतात.

या कामात आम्हाला ओढलं ते पुण्याच्या एका सरांनी. वडिलांनी एचएमटी लेथवर काढलेल्या फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) ओ-रिंगच्या, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, खाचेवरून त्यांनी नख फिरवलं. टर्निंगच्या गोल रेघा चालतात, आडवा एकही ओरखडा चालत नाही. नख कुठे अडलं नाही, आणि सर तेव्हापासून आमचे झाले.

चिलीत सेरो पाचोनवर रुबिन वेधशाळा आहे, तिच्या ३२०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात १८९ सीसीडी आहेत. त्यांना आमचा हात लागलेला नाही. पण असा सेन्सर कॅमेऱ्यात बसण्याआधी ज्या परीक्षा देतो, त्यांचीच लहान मांडणी आम्ही प्रयोगशाळांना करून देतो. सेन्सर उणे १०० अंशांच्या आसपास गार करायचा, समोर आयर्न-५५, म्हणजे क्ष-किरण सोडणारं किरणोत्सारी लोखंड, धरायचं. ५.९ केईव्ही ऊर्जेच्या एका क्ष-किरणामागे सिलिकॉनमध्ये साधारण १६२० इलेक्ट्रॉन सुटतात, त्यावरून गेन, म्हणजे सेन्सरच्या एका आकड्यामागे किती इलेक्ट्रॉन, तो निघतो. मग फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडातला फोटो, मग डार्क, म्हणजे पूर्ण अंधारातला. इथे सेन्सरबरोबर पेटीचीही परीक्षा होते.

मधली वर्षं नीट गेली. मग एका मोठ्या शहरातल्या पुरवठादाराने आमची पेटी कुठल्यातरी लॅबमध्ये पाहिली, मापं घेतली आणि टेंडरमध्ये आमच्याखाली दर भरला. त्यांची पेटी काळं अॅनोडायझिंग (अॅल्युमिनियमवर चढवलेला ऑक्साइडचा थर) केलेली, डोळ्याला काळीभोर. पण डाय घालून केलेलं ते काळं साधारण ७०० नॅनोमीटरच्या पुढे, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये, उजेड परतवायला लागतं, आणि सेन्सरच्या सिलिकॉनला तर ११०० च्या जवळपासपर्यंत दिसतं. हे मी टेंडरच्या कमिटीसमोर बसून सांगितलं. ‘काळं ते काळं,’ असं उत्तर मिळालं. ऑर्डर एल-वनला, म्हणजे सगळ्यांत कमी दरवाल्याला, गेली.

कमिटीच्या तोंडी शब्दावर उचललेल्या अॅल्युमिनियमच्या प्लेटा शेडमध्ये पडून राहिल्या. बँकेचे हप्ते थकले, कामगारांचे पगार निम्म्यावर आले, लेथला गिऱ्हाईक येऊन भाव करून गेलं. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. सरांनी तेव्हा आपल्या लॅबसाठी एका क्रायोस्टॅटची ऑर्डर दिली आणि अॅडव्हान्स मिळवून दिला. लेथ राहिला तो त्यामुळे.

पुढे त्या स्वस्त पेटीत इन्फ्रारेडचे फ्लॅट सपाट येईनात. भिंतींवरून परतलेला उजेड एका कडेला साचायचा. शेवटी ती पेटी कुपवाडलाच आली, आतून आम्हीच नव्याने काळी केली. बिल वेळेवर मिळालं. पण तुमचं म्हणणं बरोबर होतं, हे एवढे शब्द त्या कमिटीतल्या कुणाच्या तोंडून आजवर आलेले नाहीत.

या धंद्यात उतरणाऱ्या पोरांना सांगतो, पेटीत टॉर्च मारून गळती शोधू नका. खोलीतला दिवा लावून एक लांब डार्क घ्या, दिवा बंद करून तेवढाच दुसरा घ्या, वजाबाकी करा. हॉट कॅथोड गेज (व्हॅक्यूम मोजायचं यंत्र) एक्स्पोजरआधी बंद करा, त्याच्या तापलेल्या तारेचा उजेड सीसीडीला दिसतो. आतल्या भागांना उघडा हात लावू नका, बोटांचं तेल व्हॅक्यूममध्ये सुटतं आणि गार सेन्सरवर जाऊन बसतं. आणि अॅडव्हान्स खात्यात पडल्याशिवाय प्लेट कापू नका.

त्या पुरवठादाराच्या कॅटलॉगमध्ये अजूनही आमच्याच पेटीचा फोटो आहे. दाराची कडी वडिलांनी बनवलेली आहे, मी कुठेही ओळखेन.