एकतीस रिकाम्या टोपल्या

रत्नागिरीत मी नवशिक्यांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर आहे. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी उठल्यानंतरच्या ऑगस्टची नोंदवही त्याने संगणकावर उतरवली होती, आणि प्रत्येक दिवसाच्या मासळीची वजने एका यादीत, अशा ३१ याद्या एका मोठ्या यादीत रचून महिन्याची बेरीज काढण्याचा त्याचा बेत होता. पायथन ३ मध्ये चलांची (माहिती ज्यांत ठेवतात त्यांची) नावे देवनागरीतही चालतात, म्हणून त्याने ती 'दिवस' आणि 'महिना' अशी ठेवली होती; मला ते फार आवडले.

प्रोग्राम विनातक्रार चालला आणि 'महिना'ची लांबी बरोबर ३१ आली. वरच्या काही याद्या रिकाम्या दिसल्या तेव्हा मीच म्हणालो, "वारा होता ना तेव्हा, बोटी कुठे बाहेर पडल्या?" तो स्क्रीन खाली सरकवत राहिला. "सर, १८ तारखेला तर बांगडा भरपूर लागला होता. तीही रिकामीच आहे." एकतीसच्या एकतीस याद्या रिकाम्या होत्या.

दोष माझ्या शिकवण्यात होता. गोळा करायची यादी लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, आत तयार केली तर ती दर फेरीत नव्याने रिकामी होते आणि अखेरीस फक्त शेवटची नोंद उरते, म्हणून 'रिकामी यादी नेहमी लूपच्या बाहेर' असे मी आठवडाभर घोकून घेतले होते. त्याने ते इमानेइतबारे पाळून दोन्ही याद्या बाहेर केल्या. प्रत्येक फेरीअखेर 'दिवस' ही यादी 'महिना'त अपेंड केली, म्हणजे शेवटी जोडली, आणि पुढच्या तारखेसाठी 'क्लिअर'ने रिकामी केली. अपेंड मात्र यादीची नक्कल करत नाही, तीच यादी आत ठेवते. एकाच टोपलीला ३१ तारखांच्या चिठ्ठ्या बांधून मग ती उपडी करावी, तसा हा प्रकार होता. प्रत्येक घटकाचा 'आयडी', म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, छापायला सांगितला, तर एकच लांबलचक आकडा ३१ वेळा उमटला. 'दिवस = []' ही नवी रिकामी यादी करणारी ओळ लूपच्या आत, अगदी सुरुवातीला नेल्यावर आणि 'क्लिअर' काढून टाकल्यावर ते आकडे वेगवेगळे झाले.

बेरीज तरीही अडली, कारण बेरीज करणाऱ्या 'सम'ला आकड्यांऐवजी याद्या मिळत होत्या. मग आणखी एक यादी, या वेळी बाहेरच, करून तिच्यात प्रत्येक दिवस एक्स्टेंडने, म्हणजे त्यातली वजने सुटी करून, ओतला, तेव्हा सगळी वजने सलग आली. उत्तर वडिलांच्या वहीपेक्षा दहा किलोंनी जास्त निघाले. लूप आम्ही दोनदा वाचला, नंतर वही उघडली. २३ तारखेच्या बेरजेत हातचा एक धरायचा राहून गेला होता.