सुई उलटी होती

आत्याचं पायाचं मशीन माझ्याकडे आलं ते शिवायला म्हणून आलंच नव्हतं. ती घर बदलत होती, फोनवर म्हणाली, "नेतेस का गं? नाहीतर भंगारात जाईल." आता भंगार हा शब्द ऐकला की मला काहीतरी होतं, मी लगेच हो म्हणून मोकळी झाले, आणि ते लोखंडी धूड घरात आल्यावर मग चर्चा सुरू झाली की त्यावर टीव्ही ठेवायचा की कुंड्या. तीन महिने कुंड्याच होत्या. एका रविवारी सहज झाकण उघडून मशीनचं डोकं वर काढलं, काळंभोर, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, आणि मनात आलं की अरे हे फिरतं का बघू तरी.

नाही फिरलं. चाक जागचं हलेना. मला वाटलं गंजलंय, संपलं. पण जुनी मशीनं सहसा गंजून अडकत नाहीत म्हणे, त्यातलं तेल वाळून घट्ट डिंकासारखं होतं आणि ते सगळे सांधे धरून ठेवतं. अशा वेळी जोर लावायचा नाही. मी काय केलं, जिथे जिथे लोखंडावर लोखंड घासतंय तिथे थेंब थेंब रॉकेल सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं, दुसऱ्या दिवशी हेअर ड्रायरने शेकलं (हे करायला काहीही हरकत नाही, फक्त रॉकेल पूर्ण उडून गेल्यावर आणि खिडक्या उघड्या ठेवून), मग शिलाई मशीनचं पातळ तेल, मग परत चाक थोडं मागे थोडं पुढे. चौथ्या दिवशी कर्रर्र असा एक आवाज आला आणि चाक अर्धा इंच हललं. अर्ध्या इंचाचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. आणि स्वयंपाकाचं तेल चुकूनही घालू नका, तेच वाळून परत डिंक होतं आणि आपण जिथून सुरुवात केली तिथेच येतो.

त्या आनंदाच्या भरात मी एक मूर्खपणा केला. काळ्या भागावर वर्षानुवर्षांची मेणचट घाण होती, ती जाईना म्हणून कापसावर स्पिरिट घेतलं आणि घासलं. घाण गेली. तिच्याबरोबर चकाकी पण गेली आणि तिथे पांढुरका धुरकट डाग पडला, वेलबुट्टीचं एक पान अर्धं नाहीसं झालं. जुन्या मशीनवर वरून लाखेचा थर असायचा आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे मला नंतर कळलं. तेच मशीनचं तेल मऊ फडक्यावर घेऊन हळूहळू पुसत बसलं की घाण निघते, वेळ लागतो इतकंच. ते अर्धं पान आजही मला रोज दिसतं.

मशीनवरचा नंबर शोधला तेव्हा कळलं की मशीन सिंगर कंपनीच्या १५ नंबरच्या घराण्यातलं आहे, मॉडेलमध्ये १५ च्या पुढे के. हा के म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा तो प्रचंड कारखाना, १९८० मध्ये बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजूनही सिंगरच आहे. या १५ घराण्याचा मोठा फायदा म्हणजे त्याची बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, आजही सहज मिळते आणि सुई तर साधी घरगुती मशीनची, कुठल्याही पाकिटातली चालते. म्हणजे इतकी वर्षं जुनं मशीन आणि सुटे भाग आजचे. मी तरी दुसरी अशी वस्तू घरात बघितलेली नाही. सगळ्याच जुन्या मशीनचं असं नसतं हां, लांबट शटलवाली (शटल म्हणजे खालचा दोरा घेऊन जाणारा भाग) जी अजून जुनी मशीनं असतात त्यांची बॉबिन काडीसारखी असते, ती वेगळी शोधावी लागते, त्यामुळे घेण्याआधी खालची सरकती पट्टी उघडून आत काय आहे ते बघूनच घ्या.

तर मशीन फिरायला लागलं. मग बॉबिन भरायची. बॉबिन भरताना सुई वरखाली होऊ नये म्हणून चाकाच्या मधला गोल स्क्रू सैल करतात, मी केला, सुई तरीही खटखट चालूच. मग स्क्रू पूर्ण काढला, आतली वायसर काढली, साफ केली, लावली. आता उलटं झालं, स्क्रू कितीही आवळला तरी चाक नुसतंच फिरतंय आणि सुई ढिम्म. दोन संध्याकाळी गेल्या यात. ती वायसर गंमतशीर असते, बाहेरून तीन कान आणि आतून दोन छोटे वाकवलेले दात, आणि ती गोल असली तरी कशीही बसवून चालत नाही. काढून अर्धा फेरा फिरवून परत लावली, टक्क, चालू. बाकी काही नाही. आता मी काहीही उघडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढते, प्रत्येक स्क्रूचा.

आणि मग दोरा ओवून शिवायला बसले तर काय, वरून टीप एकदम झकास आणि कापड उलटं केलं तर खाली दोऱ्याचं घरटं. चिमणीनं बांधल्यासारखं. खाली गुंता म्हणजे खालची बॉबिन बिघडली असं मला वाटलं, मी तीन आठवडे बॉबिन केसचा, म्हणजे बॉबिन ज्या डबीत बसते तिचा, तो बारीक स्क्रू पिळत बसले होते, कधी घट्ट कधी सैल. शेवटी आत्याला व्हिडिओ कॉल केला. ती चष्मा लावून बघत होती, मी कॅमेरा इकडे तिकडे फिरवतेय, आणि ती एकदम म्हणाली,

"अगं, खालचं सोड. वरचा दोरा कसा ओवलायस ते दाखव."

दाखवलं.

"पाय खाली ठेवून ओवलास ना? पाय वर कर, मग टेन्शनच्या चकत्या उघडतात, मग दोरा आत बसतो. तुझा नुसता वरून गेलाय."

पाय म्हणजे कापड दाबणारा मशीनचा पाय, माझा नाही, आणि टेन्शनच्या चकत्या म्हणजे वरचा दोरा ताणून धरणाऱ्या चकत्या. मी पाय वर केला, दोरा चकत्यांमध्ये ओढून घेतला. घरटं गेलं. पण आता टाके सुटायला लागले, चार टाके झाले की एक गायब.

"सुई उलटी आहे," आत्या म्हणाली. "बोट फिरव त्यावरून. लांब खाच कुठल्या बाजूला आहे? ज्या बाजूने दोरा ओवतेस ना, खाच तिकडेच पाहिजे आणि चपटी बाजू त्याच्या विरुद्ध."

माझी बरोब्बर उलटी होती. नवीन मशीनमध्ये सुई एकाच पद्धतीने बसते, इथे कशीही बसते आणि कशीही बसली की मशीन काही बोलत नाही, नुसते टाके सोडतं. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय, काहीही बिघडलं की आधी सुई बदल, मग वरचा दोरा काढून पाय वर करून परत ओव, मग कापड सरकवणाऱ्या खालच्या दातांमधला कचरा साफ कर, आणि बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावायचा तर सगळ्यात शेवटी. त्या स्क्रूपर्यंत पोचायची वेळ मला नंतर एकदाच आली.

सुईचा विषय निघालाच आहे तर, मशीनच्या सुईचं नाकं टोकाकडे असतं ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची आहे की त्यात काही विशेष वाटत नाही, पण हाताने शिवायच्या सुईचं नाकं मागे असतं, आणि यंत्राने हात जसा शिवतो तसंच शिवायला पाहिजे या नादात कित्येकांची डोकी अडकली होती. एलायस हाऊने १८४६ मध्ये पेटंट घेतलं त्यात नाकं टोकाजवळ आणि खालून दुसरा दोरा घेऊन जाणारं शटल होतं, सिंगरचं पेटंट १८५१ चं, मग दोघांची कोर्टबाजी झाली ती वेगळीच कथा. मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतात ते खालचे दात. वर येतात, कापड पुढे सरकवतात, खाली बुडतात, मागे येतात, परत वर. ही कल्पना ॲलन विल्सनची, १८५४ ची, आणि आजच्या मशीनमध्येही दात तसेच चालतात. पट्टी काढून चाक हळू फिरवून एकदा बघा, मी दहा मिनिटं नुसती बघत बसले होते.

बरं, प्रत्यक्ष शिवणं. माझं मशीन सरळ टीप मारतं, बस. झिगझॅग नाही, ओव्हरलॉक नाही, उलटं शिवायची सोय पण नाही. शेवटी टीप पक्की करायची तर कापड फिरवून परत दोन टाके मागे यायचं किंवा दोरे खाली ओढून गाठ मारायची. सुरुवातीला याचा राग यायचा. आता आतल्या कडा सुटू नयेत म्हणून मी बहुतेक वेळा फ्रेंच शिलाई करते, म्हणजे आधी सुलट बाजू बाहेर ठेवून कडेला बारीक टीप, टिपेबाहेरची कड बारीक कापून कापड उलटवायचं आणि परत आतून टीप, कच्ची कड आत बंद. वेळ दुप्पट लागतो पण आतून कपडा बाहेरच्यापेक्षा देखणा दिसतो. जिथे ते जमत नाही तिथे कडेवर तिरक्या कापलेल्या कापडाची पट्टी. आणि टीशर्टचं ताणणारं कापड या मशीनवर नको, प्लीज. मी एक नाईट ड्रेस शिवला होता त्या कापडाचा, डोक्यातून घालताना गळ्याची टीप कडकड करत सगळी उसवली, कारण कापड ताणलं जातं आणि सरळ टीप ताणली जात नाही, दोरा तुटतो. सुती कापड, लिनन, जीन्स, यात हे मशीन राजा आहे.

भेटी द्यायला मी पहिल्यांदा उशांचे अभ्रे शिवले, कुशनचे. चेन नाही, बटण नाही, मागे नुसती दोन पानं एकावर एक. चाळीस सेंटीमीटरच्या कुशनला पुढचा तुकडा ४२ बाय ४२, मागचे दोन तुकडे ४२ बाय २८, त्यांची एकेक कड दोन सेंटीमीटर दुमडून शिवायची, मग सुलट बाजू आत ठेवून सगळं चौफेर शिवायचं आणि उलटवायचं. मागे दहा सेंटीमीटर एकमेकांवर येतं, कुशन बाहेर डोकावत नाही. एका संध्याकाळी दोन होतात. मग भाच्याचा पायजमा, तो बेतायला एकदम सोपा, त्याचाच एक जुना पायजमा कापडावर ठेवून खडूने चौफेर शिलाईची माया धरून आखायचं. माया धरायला मी विसरले होते पहिल्यांदा. तो पायजमा आता टेडीला आहे.

एक सांगू का, शिवलेली भेट सगळ्यांना द्यायची नसते. मी एका मैत्रिणीला खूप जीव लावून एक ॲप्रन शिवला, पायपिंग, खिसा, खिशाला पण पायपिंग, आणि ती म्हणाली "अगं कशाला एवढी खटपट, विकत मिळतात की." मिळतात की. तेव्हापासून मी ज्यांना मळवायला, धुवायला, वापरून फाडायला संकोच वाटणार नाही अशांनाच देते. लहान बाळं यात पहिल्या नंबरवर, त्यांना कशाचाच संकोच नसतो. बाळाच्या दुपट्यासाठी कापड मात्र आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि कडा गोळा होतात.

सगळ्यात जास्त मागणी जुन्या जीन्सच्या पिशव्यांना. सोळा नंबरची सुई, टाका जरा मोठा, आणि जिथे पट्टा वरच्या कडेला जोडला जातो तिथे कापडाचे सहा सात थर येतात. तिथे मी पाय पायदानावरून काढते आणि चाक हाताने फिरवते, एक एक टाका. सुई आत जाताना टप्प असा आवाज येतो, जड, बिनघाईचा. मशीनच्या पायाखाली पुढची बाजू उंच आणि मागची खाली असली की मशीन अडखळतं, तेव्हा जीन्सचाच एक तुकडा घडी करून मागच्या बाजूला सरकवायचा म्हणजे पाय सपाट राहतो. आवाजावरून बऱ्याच गोष्टी कळायला लागल्यात आता. तेल कमी झालं की कोरडा खणखणाट, सुई बोथट झाली की प्रत्येक टाक्याला टक टक, आणि सगळं जागेवर असेल तर नुसती एकसारखी घरघर, ती चालू असली की मांजर खाली पायदानाच्या बाजूला येऊन झोपतं, चाक फिरवणाऱ्या पट्ट्याच्या अगदी जवळ, म्हणून मी तिकडे पुठ्ठा लावलाय.

गेल्या महिन्यात आत्याकडे गेले तेव्हा तिच्यासाठी तशीच एक पिशवी नेली, आत फुलाफुलांचं अस्तर, दोन खिसे. तिने हातात घेतली आणि बाहेरून एकदाही न बघता सरळ उलटी केली, आतल्या शिलाईवरून अंगठा फिरवत फिरवत पार तळापर्यंत गेली, मी आपली श्वास धरून उभी.

"इथे एक दोरा लोंबतोय," ती म्हणाली, आणि दाताने तोडला.