तानपुऱ्यातला गंधार कुठून येतो?

"तानपुऱ्याला पंचमाची तार आहे, जोडाच्या दोन षड्जाच्या आहेत, शेवटी खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. गंधाराची तार नाहीच. मग तुम्ही ऐका म्हणता तो गंधार हा भास तर नाही ना?" गाणं शिकायला येणारे आणि मुलांना सोडायला येणारे पालकही मला हे विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

भास नाही. गंधार खर्जाच्या तारेतच आहे. तार अख्खी हलते, तशीच त्याच वेळी दोन, तीन, चार, पाच सारख्या भागांतही हलते. खर्ज सेकंदाला १०० कंपनांचा धरा. त्याच तारेतून २०० चा षड्ज, ३०० चा पंचम, ४०० चा आणखी वरचा षड्ज आणि ५०० चाही सूर निघतो. ४०० ची सव्वापट ५००, आणि षड्जाच्या सव्वापट म्हणजे शुद्ध गंधार. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

असे उपस्वर प्रत्येक तारेत असतात, पण तानपुऱ्यात ते फुलतात जवारीमुळे. तारा ज्या घोडीवरून, म्हणजे पट्टीवरून जातात, तिचा माथा किंचित बाकदार असतो. हलणारी तार त्याला पुन्हापुन्हा टेकते आणि प्रत्येक टेकण्यातून वरच्या उपस्वरांना बळ मिळतं. तारेखालचा दोरा केसभर सरकवला की सगळा नादच बदलतो. एरवी तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू, म्हणजे त्याच्यापुरती न हलणारी जागा असेल, तो उपस्वर उमटू नये असा नियम आहे. तानपुरा आणि वीणा तो मोडतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास मांडलं. मिरजेचे कारागीर तर ही करामत कानस आणि कान यांच्या जोरावर पिढ्यानपिढ्या करत आलेत. मला त्यांच्याविषयी फार आदर आहे.

पेटीवरचा गंधार याच हिशेबात सुमारे ५०४ वर येतो. तानपुऱ्याशेजारी तो चढा लागतो, म्हणून मी गंधार पेटीवरून देत नाही.

खरा भास वेगळाच आहे. फोनवर तानपुरा लावता तेव्हा त्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज जवळजवळ निघतच नाही. निघतात ते ३००, ४००, ५०० असे वरचे सूर. त्यांच्यात १०० चं अंतर आहे हे ओळखून कान आणि मेंदू मिळून खर्ज उभा करतात. जुन्या टेलिफोनवर ३०० च्या खालचं फारसं काही जात नसे, तरी १२० च्या आसपास बोलणाऱ्या वडिलांचा आवाज आपल्याला भारदस्तच ऐकू यायचा.